कच्च्या मुळाचा दात: काढायचा, भरायचा की वाढू द्यायचा?

वाचकांच्या प्रश्नांपैकी बरेच या वेळी एकाच ठिकाणी येऊन थांबतात: सहा ते बारा वर्षांच्या मुलांचा नुकताच आलेला पक्का दात, मार लागून किंवा किडून खराब झालेला. या वयातल्या दाताचं मूळ अजून पुरतं तयार झालेलं नसतं आणि मोठ्या माणसाच्या दाताचे नियम त्याला लागू होत नाहीत. म्हणून उत्तरं थोडी सविस्तर दिली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. चार महिन्यांपूर्वी शाळेच्या ओट्यावरून पडला, वरचा पुढचा दात तुटला. दुखलं नाही म्हणून तसंच राहिलं. आता दात काळपट झालाय, वर हिरडीला पुळी येते, फुटते, पुन्हा येते. गावाजवळच्या डॉक्टरांनी दात काढायला सांगितलं. अंबाजोगाईचे डॉक्टर म्हणतात काढू नका, मूळ वाढवायचा उपचार करता येतो. मेलेल्या दाताचं मूळ वाढतं का? (एक आई, केज तालुका)

दात काढू नका. आठव्या वर्षी काढलेल्या पुढच्या दाताच्या जागी इम्प्लांट बसवायला जबड्याची वाढ पूर्ण होण्याची वाट पाहावी लागते, म्हणजे किमान दहा वर्षं. तोवर तिथलं हाड झिजत जातं.

वरचा मधला दात सातव्या-आठव्या वर्षी हिरडीतून बाहेर येतो, पण त्याचं मूळ पूर्ण व्हायला त्यानंतर साधारण ३ वर्षं लागतात. तुमच्या मुलाच्या दाताचं मूळ आज आखूड आहे, भिंती पातळ आहेत आणि खालचं टोक तुतारीच्या तोंडासारखं उघडं आहे. मूळ लांबवण्याचं आणि भिंती जाड करण्याचं काम दाताच्या आतली नस करते. नस मेली की मूळ असेल तिथंच थांबतं. नेहमीचं रूट कॅनल इथं नीट बसत नाही. टोक उघडं असल्यानं भरलेला मसाला बाहेर जातो आणि पातळ भिंती फाइलनं (नळी घासायच्या बारीक सुईनं) घासल्या तर आणखी पातळ होतात.

यावर जुना उपाय म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा लेप महिनोन् महिने बदलत राहायचा, म्हणजे टोकाशी कठीण पडदा तयार होतो. सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत वेळ जातो, आणि लेप फार काळ राहिला तर मूळ ठिसूळ होऊन मानेपाशी मोडण्याचा धोका वाढतो. दुसरा उपाय एमटीए नावाच्या सिमेंटचा ३ ते ५ मिलिमीटरचा बूच टोकाशी बसवण्याचा. एक-दोन भेटींत काम होतं, संसर्ग थांबतो, हा भरवशाचा उपचार आहे. पण मूळ आखूड आणि पातळच राहतं.

तुम्हाला सांगितलेला तिसरा उपाय म्हणजे रिव्हॅस्क्युलरायझेशन. मुळाच्या उघड्या टोकाशी मऊ पेशींची एक गादी असते, तिला भरपूर रक्तपुरवठा असतो. त्यामुळे आतली नस सडली, पू झाला तरी तिथल्या मूळपेशी बऱ्याचदा जिवंत राहतात. दात आतून निर्जंतुक करायचा, मग टोकापलीकडून मुद्दाम थोडं रक्त आणून मुळाच्या नळीत गोठू द्यायचं आणि वरून घट्ट बंद करायचं. त्या गाठीच्या आधारानं पेशी आत सरकतात आणि भिंतीवर कठीण थर चढवतात. कल्पना जुनी आहे, १९६१ मध्ये नायगार्ड-ओस्टबी यांनी दातात रक्ताची गाठ ठेवण्याचे प्रयोग केले होते. आजची पद्धत रुळली ती २००१ आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रुग्णांच्या नोंदींनंतर.

मुलाच्या बाजूनं हे असं होईल: पहिल्या भेटीत भूल देऊन, रबराचा पडदा लावून दात उघडतील, औषधी पाण्यानं सावकाश धुतील, लेप भरून तात्पुरतं बंद करतील. दोन ते चार आठवड्यांनी पुळी बसली असेल, दाबून दुखत नसेल, तर दुसऱ्या भेटीत रक्त आणून कायमचं बंद करतील. पुळी बसली नसेल तर पहिली भेट पुन्हा होईल. घाई करू नका, हा लेप बदलण्याचा फेरा वाया जात नाही.

आता अपेक्षा. नळीत वाढतं ते मूळच्या नसेसारखं नसतं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर बहुतेक वेळा मुळावरच्या आवरणासारखं किंवा हाडासारखं ऊतक सापडतं. म्हणून आम्ही याला नवी नस म्हणत नाही, दुरुस्ती म्हणतो. दुखणं थांबणं, पुळी जाणं, एक्स-रेत टोकाभोवतीची काळी जागा भरून येणं हे पहिलं यश, त्याला ६ ते १२ महिने लागतात. भिंती जाड होणं १२ ते २४ महिन्यांत दिसतं. लांबी वाढेलच असं कुणी छातीठोकपणे सांगू नये, भिंतींच्या जाडीइतका तिचा भरवसा नसतो. थंडगार लावल्यावर संवेदना परत आली तर उत्तम, नाही आली तरी उपचार फसला असं नाही. आणि हे सगळं जमलं नाही तर एमटीएचा बूच नंतरही बसवता येतो.

पुळी आली की दर वेळी अँटिबायोटिकच्या गोळ्या देणं बंद करा. मेलेल्या नसेत रक्त जात नाही, मग गोळीतलं औषध तिथं कसं पोहोचणार? पुळी चार दिवस दबते आणि परत येते. चेहऱ्यावर सूज किंवा ताप असेल तरच गोळ्यांची गरज. हा उपचार एंडोडॉन्टिक्स (दाताच्या नसेचे उपचार) किंवा मुलांच्या दातांचे तज्ज्ञ करतात. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात हे दोन्ही विभाग आहेत, लातूर आणि नांदेडलाही दंत महाविद्यालयं आहेत.

प्रश्न : मुलीला (९ वर्षे) तीन आठवड्यांपूर्वी सायकलवरून पडून पुढच्या दातांना मार लागला. दात तुटला नाही, थोडा हलत होता, आता घट्ट आहे. तपासणीत थंड लावल्यावर काही कळलं नाही. नस मेली म्हणून लगेच दात उघडायचा का? (एक वडील, परभणी)

थांबा. मार लागल्यावर नस महिनोन् महिने सुन्न राहू शकते आणि पुढे शुद्धीवर येते. त्यातून कच्च्या मुळाच्या दातात संवेदनेच्या तंतूंची वाढच अपुरी असते, म्हणून बॅटरीवर चालणारी चाचणी तर फारच फसवते. नस मेली असं म्हणायला किमान दोन खुणा हव्यात: पुळी किंवा पू, एक्स-रेत टोकाशी काळा डाग, वाढत जाणारा काळपटपणा, ठोकल्यावर दुखणं, किंवा शेजारच्या दाताचं मूळ वाढलं आणि याचं तिथंच राहिलं. ही शेवटची खूण फार बोलकी आहे, म्हणून एक्स-रे काढताना शेजारचा दातही त्यात यायला हवा. तोवर दीड-दोन महिन्यांनी, मग तीन, सहा महिन्यांनी आणि वर्षानं दाखवत राहा. आधी जिवंत नस वाचवायची. रिव्हॅस्क्युलरायझेशन कितीही चांगलं जमलं तरी मूळच्या नसेनं वाढवलेल्या मुळाची सर त्याला येत नाही.

प्रश्न : मी दंतवैद्य आहे. रिव्हॅस्क्युलरायझेशनच्या तीन केसमध्ये अडचण आली. एकीत फाइल टोकाबाहेर नेऊनही रक्त आलं नाही. दुसरीत एमटीए रक्ताच्या गाठीत खाली बुडालं. तिसरीत एक्स-रे छान, पण दात सहा महिन्यांत निळसर-करडा पडला. (हिंगोली जिल्हा)

तुम्ही मोकळेपणानं विचारलंत याबद्दल मनापासून आभार. या तीन चुकांमुळे अनेक जण ही पद्धतच सोडून देतात.

रक्त न येण्याचं पहिलं कारण भुलीत शोधा. आपल्याकडे हाताशी असते ती १:८०,००० अॅड्रिनलिनवाली लिग्नोकेन, आणि अॅड्रिनलिन नेमकं त्या टोकाच्या रक्तवाहिन्या आवळतं. दुसऱ्या भेटीत ३ टक्के साधी मेपिव्हाकेन वापरा, न मिळाल्यास अॅड्रिनलिन नसलेली लिग्नोकेन. दुसरं कारण फाइल. ती टोकाशी थोडी वाकवून घ्या, मुळाच्या टोकापलीकडे २ मिलिमीटर न्या आणि फिरवा. सरळ फाइल नुसती टोचून रक्त येत नाही. तिसरं कारण, आतला संसर्ग संपलेला नाही. मग रक्त आणण्याचा हट्ट सोडा आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइडवर परत जा. सगळं ठीक असूनही रक्त आलं नाही तर पीआरएफ (रुग्णाच्याच रक्तातून वेगळा केलेला फायब्रिनचा गोळा) आहे. मुलाच्या शिरेतून १० मिलिलिटर रक्त, गोठणरोधक नसलेल्या नळीत, सेंट्रिफ्यूज यंत्रात मिनिटाला ३००० फेऱ्यांवर १० मिनिटं. रक्त काढल्यापासून यंत्र सुरू होईपर्यंत मिनिटाच्या वर वेळ जाऊ देऊ नका. आधीच गोठलेल्या रक्तातून फायब्रिन वेगळं निघत नाही. लोडशेडिंगच्या गावात इन्व्हर्टरची खात्री करूनच सुई टोचा.

सिमेंट बुडतं ते गाठ कच्ची असताना घातल्यामुळे. रक्त वर आलं की १० ते १५ मिनिटं थांबा. गाठीची पातळी इतकी खाली ठेवा की वर ३ ते ४ मिलिमीटर सिमेंट बसेल, आणि मध्ये विरघळणाऱ्या कोलॅजनचा तुकडा ठेवा. एमटीए प्लगरनं दाबू नका, ओल्या कापसानं हलकेच बसवा. बायोडेंटीन (एमटीएसारखंच दुसरं सिमेंट) असेल तर एका कॅप्सूलला द्रवाचे ५ थेंब, यंत्रात ३० सेकंद, आणि घट्ट व्हायला सुमारे १२ मिनिटं. एमटीएला काही तास लागतात. त्यावर ३-४ मिलिमीटर ग्लास आयोनोमर, मग काँपोझिट.

रंगाची कारणं तीन: लेपातलं मिनोसायक्लिन हे अँटिबायोटिक, एमटीएतलं बिस्मथ ऑक्साइड आणि मुकुटाच्या (दाताच्या हिरडीबाहेरच्या भागाच्या) आतल्या भिंतीत मुरलेलं रक्त. तिन्ही टाळता येतात. तीन अँटिबायोटिकांच्या लेपाऐवजी साधं कॅल्शियम हायड्रॉक्साइड वापरा. लेप वापरायचाच तर मिनोसायक्लिन वगळा आणि प्रमाण मिलिलिटरमागे १ ते ५ मिलिग्रॅम ठेवा. गोळ्या कुटून केलेला दाट लेप सुमारे १००० मिलिग्रॅमपर्यंत जातो, तो जंतूंबरोबर मूळपेशीही मारतो. लेपाआधी मुकुटाच्या आतल्या भिंतींना डेंटीन बाँडिंगचा थर द्या. सिमेंट बसवण्याआधी तिथलं रक्त पुसून काढा. पुढच्या दातात एमटीएपेक्षा बायोडेंटीन बरं, त्यात बिस्मथ नसतं. आज करडा पडलेला दात आतून ब्लीच करता येईल, मात्र खालचं सील शाबूत असल्याची खात्री करून.

तुम्ही विचारलं नाही, पण यश बहुतांशी पहिल्या भेटीच्या धुण्यावर ठरतं. धुण्याचं जंतुनाशक, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, १.५ टक्क्यांचं हवं. बाजारात ५ टक्क्यांचं मिळतं, त्यातलं ३० मिलिलिटर घेऊन ७० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर घाला. ३ टक्क्यांचं असेल तर निम्मं-निम्मं. तीव्र द्रावणानं टोकाच्या पेशी जगत नाहीत. एका नळीला २० मिलिलिटर, ५ मिनिटं, बाजूला भोक असलेली सुई टोकाच्या १ मिलिमीटर अलीकडे, आणि सुई नळीत अडकलेली नको. उघड्या टोकातून हायपोक्लोराइट बाहेर गेलं तर क्षणात असह्य कळ, सूज आणि चेहऱ्यावर काळंनिळं होतं. त्यानंतर सलाइन किंवा ईडीटीए (भिंतीतलं कॅल्शियम ओढून घेणारं द्रावण). दुसऱ्या भेटीत हायपोक्लोराइट नको, १७ टक्के ईडीटीए २० मिलिलिटर एवढंच. ते डेंटीनमधले वाढीचे घटक मोकळे करतं, पेशींना तिथं धरून ठेवणारं तेच. क्लोरहेक्झिडिन या उपचारात आणूच नका. पेशींना ते घातक आहे आणि हायपोक्लोराइटशी मिसळून तपकिरी साका होतो. शेवटचं, एप्रिल-मेमध्ये आपल्या खोल्या चाळीस अंशांना टेकतात आणि हायपोक्लोराइट उष्णतेनं, उजेडानं निकामी होतं. गडद बाटली, थंड कपाट, आणि पातळ केलेलं त्याच दिवशी संपवायचं.

प्रश्न : आमच्या शाळेतल्या बऱ्याच मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात. सहावीतल्या एका मुलाला हा दोन भेटींचा आणि पुढे दोन वर्षं तपासणीचा उपचार सांगितलाय. कोयता उचलला की घर सहा महिने बंद. अशा लेकरानं काय करावं? (शिक्षिका, बीड जिल्हा)

तुमचा प्रश्न उपचार ठरवणाऱ्या प्रत्येक डॉक्टरानं आधी विचारायला हवा. यावर आमचं मत ठाम आहे: हंगामाचं वेळापत्रक समोर ठेवलं तर हा उपचार बसतो. टोळ्या दसरा-दिवाळीनंतर निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. दोन्ही भेटी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये संपवल्या तर सहा महिन्यांचा एक्स-रे परतल्यावर पडतो आणि वर्षाचा पुढच्या निघण्याआधी. मुलगा हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहणार असेल तर प्रश्नच नाही.

एक गोष्ट मात्र होऊ देऊ नका: पहिली भेट झाली, दात तात्पुरत्या सिमेंटनं बंद आहे आणि मूल सहा महिन्यांसाठी गेलं. ते सिमेंट काही आठवड्यांचंच सोबती असतं. ते झिजलं की लाळ आत जाते आणि दात पहिल्यापेक्षा वाईट अवस्थेत परत येतो. निघायला पंधराच दिवस उरले असतील तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि एमटीएचा बूच मागा. पुळी सुकली नसल्यानं तेही शक्य नसेल तर लेपावर ग्लास आयोनोमरचं पक्कं झाकण घालून घ्या आणि मार्चमध्ये पुढचं काम करा. लेप एक हंगाम राहिल्यानं मूळ थोडं कमकुवत होण्याचा धोका आहे, पण उघड्या दातापेक्षा तो परवडला.

मोबाइलमध्ये एक्स-रेचा फोटो, तारीख आणि वापरलेल्या सिमेंटचं नाव ठेवायला सांगा. कोल्हापूर-सांगलीकडच्या कोणत्याही डॉक्टरला त्यावरून पुढचं कळतं. आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं तेव्हा या मुलाला आधी पुढे करा, संदर्भसेवेची चिठ्ठी त्यांच्याकडून मिळते.

प्रश्न : कबड्डीत मुलाचा पुढचा दात मुळासकट बाहेर पडला तर मैदानावर काय करायचं? (क्रीडाशिक्षक, उदगीर)

पक्का दात असेल तर तिथंच परत बसवा. मुकुटाला धरा, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर थंड दूध, सलाइन किंवा पाण्याच्या धारेखाली काही क्षण धुवा, घासू नका, रुमालानं पुसू नका. बाजूच्या दातांकडे पाहून सरळ दिशेनं खाचेत ढकला, मुलाला रुमाल चावायला द्या आणि डॉक्टरकडे न्या. बसवायला जमलं नाही तर दात दुधात टाका. पाण्यात ठेवू नका, पाण्यात मुळावरच्या पेशी फुगून मरतात. कोरडा राहिला तर प्रत्येक मिनिट महाग आहे, तासाभरानंतर त्या पेशी जवळपास संपतात. डॉक्टर तो लवचिक तारेनं दोन आठवडे बांधतात. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा. मूळ कच्चं असेल तर अशा दातात रक्तप्रवाह आपोआप परत येऊ शकतो, म्हणून रूट कॅनल लगेच करत नाहीत, वारंवार तपासत राहतात.

दुधाचा दात कधीही परत बसवू नका, खालच्या पक्क्या दाताच्या कोंबाला इजा होते. सहा-सात वर्षांच्या मुलाबाबत खात्री नसेल तर दात दुधात टाकून न्या. दाताचा नुसता तुकडा पडला असेल तर तो मात्र पाण्यात टाकून न्यायला चालतो, पुष्कळदा तोच चिकटवता येतो.

प्रश्न : सात वर्षांच्या मुलीची मागची दाढ किडली आहे, कधी कधी दुखते. दुधाची आहे, पडेलच, म्हणून थांबलो आहोत. (पालक, जालना)

दुधाच्या सगळ्या दाढांच्या मागे, सहाव्या वर्षी, कुठलाही दात न पडता जी नवी दाढ येते ती पक्की असते. मोजून बघा: मधल्या रेषेपासून सहावी असेल तर ती आयुष्यभराची आहे आणि तिची मुळं नवव्या-दहाव्या वर्षापर्यंत वाढत राहणार. आपल्याकडे या दाढेचं सर्वांत जास्त नुकसान याच गैरसमजानं होतं.

दुखणं अधूनमधून असेल तर नस बहुधा जिवंत आहे. वरची सुजलेली नस काढायची, खालची निरोगी ठेवायची आणि तिच्यावर एमटीए किंवा बायोडेंटीन घालून बंद करायचं, याला पल्पोटॉमी म्हणतात. कापलेल्या जागी हायपोक्लोराइटचा ओला कापूस धरल्यावर काही मिनिटांत रक्त थांबलं तर खालची नस वाचण्याजोगी आहे असं समजतात. ती वाचली की मुळं स्वतःहून पूर्ण होतात. या आठवड्यातच दाखवा. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं सुरू झालं की ही संधी निसटत जाते.

प्रश्न : आमच्या भागात बोअरच्या पाण्यानं मुलांचे दात पिवळे-तपकिरी असतात. असा दात मार लागून खराब झाला तर हे उपचार चालतात का? (किनवट, नांदेड जिल्हा)

चालतात. फ्लोराइडचा डाग बाहेरच्या थरात असतो, मुळाच्या टोकाशी असलेल्या पेशींवर त्यामुळे काही अडत नाही. अडचण दोन ठिकाणी येते. नस मेल्यानं येणारा काळपटपणा डागांमध्ये लपतो, म्हणून शेजारच्या दाताशी रंग जुळवून बघा आणि मार लागल्या दिवशीच उजेडात फोटो काढून ठेवा. दुसरं म्हणजे अशा दातावर आम्लाचा परिणाम उशिरा होतो आणि काँपोझिट लवकर सुटतं. डॉक्टर एचिंगचा (आम्ल लावून ठेवण्याचा) वेळ वाढवतात किंवा वरचा थर हलका घासून घेतात. भरलेला भाग निघाला किंवा कडेला काळी रेघ दिसली तर दोन दिवसांत परत जा, झाकण गळलं की आतली सगळी मेहनत त्या फटीतून जाते. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर कमाल १.५. बोअरचं पाणी जिल्हा प्रयोगशाळेत तपासून घ्यायला ग्रामपंचायतीकडे अर्ज करा.